निळ्या दोऱ्याची चाळणी

"चिमूटभरानं काय होतंय?" असं कोणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. अहो, मीठ चिमूटभरच लागतं, विषही चिमूटभर पुरतं आणि डोळ्यात गेलेलं कुसळ तर चिमूटभरसुद्धा नसतं. तरी लोक म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीला हे वाक्य तोंडावर ऐकावं लागलं, आणि तेही कोणाकडून? ज्याच्या दुकानाच्या पाटीवर वीतभर अक्षरांत 'आरोग्य' लिहिलं होतं, त्याच्याकडून. वर्ष होत आलं, पण माझा राग अजून ताजा आहे. तो शिळा व्हायच्या आत बहिणीची गोष्ट लिहून टाकतो.

माझी बहीण बावीस वर्षं एका बिस्किटांच्या कारखान्यात होती. काम एकच, पीठ चाळायचं. आता चाळायला यंत्र होतं, चांगलं खोलीएवढं. पण यंत्राला पीठ कळत नाही. पोतं फोडलं की आधी हिनं हात घालायचा, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये पीठ चोळायचं आणि मान हलवायची. मान उभी हलली तर पोतं यंत्रात, आडवी हलली तर परत. एकदा एक नवा साहेब आला. इस्त्री माणसाला की कपड्यांना, कळू नये असा. हिची मान आडवी हलली तसा तो म्हणाला, "बाई, या मालाची कागदपत्रं बरोबर आहेत. घ्या चाळायला."

ही म्हणाली, "कागदपत्रं आणा, तीही चाळते. पण हे पीठ आपल्या गिरणीचं नाही."

साहेबानं हिला चूक दाखवायलाच गिरणीत फोन लावला. तर खरंच, वाटेत ट्रक बिघडला होता आणि माल बदलताना दुसऱ्याच कोणाची पोती इकडे आली होती. त्या दिवसापासून कारखान्यात तिचं नाव पडलं 'चाळणी'. साहेबाचंही एक नाव पडलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नोकरी संपल्यावर ती आमच्या घरी आली. मूलबाळ नव्हतं, नवरा आधीच गेला होता. खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या तिच्या, वर मी, माझा मुलगा, सून आणि नात. मुलगा तिला आत्या म्हणतो म्हणून सूनही आत्या म्हणते, आणि नात म्हणते आत्याआजी. नातीला आम्ही 'खार' म्हणतो, कारण तिच्या दोन्ही हातांत सतत काहीतरी असतं आणि दात त्यावर चाललेले असतात.

ही खार पाच वर्षांची असताना कुरतडायची थांबली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, हातापायांच्या काड्या झाल्या. औषधं झाली, तपासण्या झाल्या, शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी मूळ शोधलं. गहू. गव्हातला जो चिकट भाग असतो, तो पोरीच्या आतड्याला सोसत नव्हता. सुनेनं विचारलं, "थोडासा चालेल का? वाढदिवसाला वगैरे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडा नाही, कधीतरी नाही, कणभरसुद्धा नाही. आणि हे जन्मभर."

त्या दिवशी सुनेनं वरचं स्वयंपाकघर रिकामं केलं. मग ती या दुकानातून त्या दुकानात हिंडायला लागली, डोळे बारीक करून पाकिटांच्या पाठी वाचायची. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं! पुढच्या बाजूला फळांची चित्रं आणि मागे काय काय घातलंय ते मुंग्यांच्या लिपीत. हा उलटा कारभार कोणी सुरू केला, मला एकदा भेटायचंय त्याला. खास पथ्याची म्हणून जी बिस्किटं मिळाली ती खारीनं एकदा चावली, दोनदा चावली आणि मला विचारलं, "आजोबा, हे खोक्यासकट खायचं असतं का?"

आत्या जिन्याच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होती. बोलायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. पण दुसऱ्या दिवशी तिनं खालचं स्वयंपाकघर घासायला काढलं. लाटणं, पोळपाट, लाकडी डाव, जुन्या चाळण्या, सगळं कोणाकोणाला देऊन टाकलं.

मी म्हटलं, "अगं, धू आणि वापर की. लाटणं काय वाईट आहे?"

"लाकूड विसरत नाही, दादा," ती म्हणाली. "वीस वर्षांचा गहू बसलाय त्याच्या रेघांत."

नवी चाळणी आणली आणि तिच्या कडेला निळा दोरा बांधला. या चाळणीत फक्त तांदळाचं आणि हरभऱ्याचं पीठ. घरात गव्हाचा डबा नको, पाहुण्यांसाठीसुद्धा नको. आणि एक नियम असा केला, की लाटताना पिठी लावायची नाही. कसलीच नाही, तांदळाचीसुद्धा नाही. मी म्हटलं, तांदळाची लावलीस तर काय बिघडलं? तर म्हणे, "बोटांना भुरभुरायची सवय लागली, की एक दिवस ती चुकीच्या डब्यात जातात." म्हणून ती गोळा दोन कागदांच्या मध्ये ठेवून लाटायची. वरचा कागद सोलायचा, खालच्या कागदासकट पत्रा भट्टीत. त्यामुळे तिच्या चकत्यांचं बूड आरशासारखं गुळगुळीत असे. हे बूड लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर अशा त्या चकत्या. दोन्ही पिठं, तीळ, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, तेल, मीठ, संपलं. कागदासारख्या पातळ, मोडल्या की 'कट्' असा आवाज व्हायचा. जोडीला भाजलेले हरभरे आणि मंद आचेवर वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी. खारीनं पहिली चकती उभी धरली, कडेनं गोल गोल कुरतडत नाण्याएवढी केली आणि मग तोंडात टाकली. सून ओट्याला टेकून उभी होती, तिनं तोंड पदराआड केलं. मी मात्र मोकळेपणानं रडलो. म्हाताऱ्याला कोण विचारतं!

पोरीच्या शाळेच्या डब्यातून या चकत्या बाहेर पडल्या आणि इतर आया विचारू लागल्या. कोणाच्या मुलाला हाच त्रास, कोणाच्या सासूला साखरेचा, कोणाला नुसतीच पोरांनी पाकिटं फोडू नयेत एवढी इच्छा. आत्या खिडकीतून डबे भरून द्यायची. आणि मग त्या खिडकीत एक दिवस उगवला तब्येतशेठ.

हे नाव मी ठेवलं. पौष्टिक खाण्याचं मोठं दुकान त्याचं. काचेच्या बरण्या, मंद संगीत, भिंतीवर एक बाई कोशिंबिरीकडे बघून हसतेय असा फोटो. मला आजवर कोशिंबिरीकडे बघून हसणारं माणूस भेटलेलं नाही. तो आत्याला म्हणाला, "मावशी, तुमच्या हातची चव लोकांपर्यंत गेली पाहिजे. तुम्ही फक्त बनवा. बाकी सगळं आमच्यावर सोडा."

आत्यानं सोडलं. दर सोमवारी चार मोठे डबे त्याच्याकडे जायचे आणि त्याच्या माणसांनी ते पाकिटांत भरायचे. पाकीटही झोकदार निघालं. वर 'आत्याच्या हातचं', खाली 'गहू नाही, साखर नाही', आणि मध्ये चष्मा लावलेल्या गुबगुबीत म्हातारीचं चित्र. आमची आत्या काटकुळी आहे आणि चष्मा तिला अजून लागलेला नाही. पण खारीनं ते पाकीट शाळेत सगळ्यांना दाखवलं.

पुढे शाळेची सहल गेली प्राणिसंग्रहालयात. खारीचा डबा माकडांपर्यंत पोहोचायच्या आधीच संपला. तिच्या बाई बिचाऱ्या काळजीच्या. त्यांनी शोधून शोधून तिथल्या दुकानातून पाकीट आणलं ते नेमकं 'आत्याच्या हातचं'. खार म्हणाली, "ही माझीच आत्याआजी!" आणि अर्धं पाकीट फस्त केलं.

संध्याकाळी ती घरी आली ती पोट धरूनच. तीन दिवस पोरगी पलंगावर गुडघे छातीशी घेऊन पडली होती. पाण्याचा घोटही ठरेना. चौथ्या दिवशी जरा उठून बसली तशी सून ते पाकीट घेऊन खाली आली. मी तिथेच खुर्चीत होतो.

"आत्या," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तुमच्या मनात वाईट नाही, मला माहितीये. पण आता हिला तुमच्या हातचं नको."

मी ताडकन उठलो. "अगं, काय बोलतेस? जिनं घरातलं लाटणं टाकून दिलं, तिला तू..."

"दादा, खाली बस," आत्या म्हणाली. मग सुनेला म्हणाली, "बरं."

एवढंच. नुसतं 'बरं'. सून वर गेली. आत्यानं भट्टी बंद केली, पत्रे उपडे घातले आणि ओट्यावर ते पाकीट ठेवून त्याच्याकडे बघत बसली. मी बोलत होतो, सून कशी कृतघ्न, जग कसं उफराटं. मला सापडेल त्याच्यावर तोंडसुख घेत होतो. तिचं लक्षच नव्हतं. तिनं पाकिटात उरलेल्या दोन चकत्या काढल्या आणि पालथ्या केल्या.

"दादा, या माझ्या नाहीत."

"पाकिटावर तुझं चित्र आहे की!"

"त्या बाईला चष्मा आहे." तिनं चकती माझ्या नाकासमोर धरली. "बूड बघ."

बूड पांढरं होतं. आणि वरची बाजू चकचकीत, बोटाला चिकटणारी. आत्यानं ती पांढरी भुकटी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये घेतली, डोळे मिटले, चोळली. तिची मान आडवी हलली. बऱ्याच वर्षांनी बघितलं मी ते.

"मैदा," ती म्हणाली.

मैदा म्हणजे गहूच की, नुसता अंगरखा पांढरा!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच आम्ही दोघं हजर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली, आणि आत्या भाजीला निघाल्यासारखी, हातात कापडी पिशवी. तब्येतशेठ हसत पुढे आला. आत्यानं चकती दाखवली आणि काय झालं ते सांगितलं. लगेच त्याचं हसू गेलं आणि चोराच्या उलट्या बोंबा सुरू.

"मावशी, घरगुती कामात असं होतं. तुमच्याच स्वयंपाकघरात काहीतरी मिसळलं असणार. आम्ही फक्त भरतो."

"कुठे भरता, बघू," आत्या म्हणाली आणि मागच्या दाराकडे चालायला लागली. तो 'अहो, अहो' करेपर्यंत आम्ही आत. लांबलचक टेबल. त्यावर माझ्या बहिणीचे डबे, एका पातेल्यात साखरेचा पाक, त्यात ब्रश, आणि शेजारी पांढऱ्या पिठाची परात. भरणारी बाई कामाला लागलेली होती.

आत्यानं तिला विचारलं, "काय करता हो हे?"

ती बिचारी सरळ होती. "पाक लावते ना, चकाकी येते. नुसत्या मळकट दिसतात म्हणे. पण पाकानं एकमेकींना चिकटतात, म्हणून खाली पीठ भुरभुरायचं."

बघा! जिनं बोटांना भुरभुरायची सवय नको म्हणून तांदळाची पिठीसुद्धा वर्ज्य केली, तिच्या चकत्यांना 'साखर नाही' लिहिलेल्या पाकिटासाठी पाक, आणि 'गहू नाही' लिहिलेल्या पाकिटासाठी गहू! एका खोटेपणाला दुसऱ्याचा टेकू. आणि कशासाठी? तर चकाकीसाठी!

"ती तांदळाची पिठी आहे," तब्येतशेठ घाईनं म्हणाला.

आत्यानं परातीतून मूठभर पीठ घेतलं, नळाखाली थोडं पाणी घातलं आणि तळहातावर गोळा मळला. मळत मळत भरणाऱ्या बाईला विचारलं, किती वर्षं आहात, मुलं किती. जरा वेळ गोळा मुठीत मुरू दिला. मग बारीक धारेखाली धुवायला लागली. दुधासारखं पाणी वाहून गेलं, पुन्हा गेलं, मग स्वच्छ यायला लागलं. हातात उरला रबरासारखा एक तुकडा. आत्यानं तो दोन बोटांत धरून ताणला. वीतभर लांबला, तुटेना.

"तांदूळ असता तर हातात काही राहिलं नसतं," ती म्हणाली. "हे जे उरलंय ना, हे माझ्या नातीच्या पोटात तीन दिवस होतं."

तेव्हा तो ते वाक्य बोलला. "अहो मावशी, पण चिमूटभरानं काय होतंय?"

मी काय बोललो ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की कोशिंबिरीवाल्या बाईच्या फोटोसमोर दोन गिऱ्हाइकं थबकली होती आणि त्यातल्या एकीच्या हातात तेच पाकीट होतं. आत्यानं माझी बाही ओढली.

"दादा, ओरडू नकोस. पेन आहे?"

पेन माझ्या खिशात कायम असतं. आमच्या गावच्या शाळेत मास्तर अक्षरासाठी छडी मारायचे आणि गणितासाठी नुसते उसासे टाकायचे, म्हणून माझा हिशोब कच्चा आणि अक्षर छापल्यासारखं. आत्यानं फळीवरची पाकिटं काउंटरवर मांडली. म्हणाली, "प्रत्येकावर लिही. यात गहू आहे."

मी लिहायला बसलो. चित्रातल्या म्हातारीच्या चष्म्याखाली, ठसठशीत, 'यात गहू आहे'. खाली 'साखरही आहे' हे मी माझ्या पदरचं घातलं.

"अहो, हे काय चालवलंय!" तब्येतशेठ काउंटरला प्रदक्षिणा घालत होता. "मावशी, यात तुमचंच नाव खराब होईल!"

"ते झालंच आहे," आत्या म्हणाली. "आता पोटं तरी वाचू देत."

ज्या बाईच्या हातात पाकीट होतं, तिनं ते निमूटपणे माझ्यापुढे ठेवलं. "माझ्या मुलासाठी घेणार होते," ती म्हणाली. "त्यालाही चालत नाही." मग ती तब्येतशेठकडे वळली आणि जे बोलली त्यापुढे माझं ओरडणं म्हणजे अंगाईगीत होतं. विसावं पाकीट लिहून होईपर्यंत त्यानं स्वतःच्या हातानं उरलेली फळी रिकामी केली, दुसऱ्या दुकानांत दिलेला माल परत मागवायला आमच्यासमोर फोन केले आणि ते छापील चित्र वापरणार नाही असं लिहून दिलं. अक्षर अगदीच गिचमिड.

मी घरी आलो तो विजयी वीर. सुनेला बसवून सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा पाकिटं साठ झाली. वाटलं, आता ही धावत खाली जाईल. ती म्हणाली, "बाबा, माझी चूक झाली असेल. पण तीन दिवस मला फक्त पोरीचं पोट दिसत होतं. अजून तेच दिसतंय."

मी रागानं खाली गेलो. म्हटलं, "हातच्या काकणाला आरसा दाखवून आलो, तरी तिला दिसत नाही!"

आत्या चाळणीचा निळा दोरा सोडवून पुन्हा घट्ट बांधत होती. "तिचं बरोबर आहे," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी एक पोतं हात घातल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. आणि इथे नाव देऊन मोकळी झाले, भरतात कुठे ते बघितलंसुद्धा नाही. तो गोड बोलला आणि मी ऐकलं. ती चूक माझीच, दादा."

मी ओट्याशी जाऊन तिला दोऱ्याचं टोक धरून दिलं. हे माझ्या आयुष्यात फारदा घडलेलं नाही.

भट्टी आठवडाभर थंड होती. खिडकीशी आया येत आणि आत्या त्यांना हात जोडून परत पाठवी. खार जिन्यावर बसून ते खोक्यासकट खायचं बिस्कीट हातात धरायची, खायची नाही.

मग रविवारी सकाळी सून खाली आली. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दारातच उभी राहिली.

"आत्या, मला शिकवा," ती म्हणाली. "तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. उद्या तुम्ही नसाल, परवा मी कुठे बाहेर असेन. आणि मला... मला एकदा सगळं सुरुवातीपासून बघायचंय."

"बघ ना," आत्या म्हणाली. "न बघता काही घ्यायचंच नसतं. आधी अंगठी काढ."

"अंगठी?"

"तिच्याखाली पीठ लपतं. मग हात धू, नखांसकट."

मी खुर्ची ओढून बसलो, तर आत्यानं मला दाराबाहेर बसवलं; माझ्या सदऱ्यावर बाहेर खाल्लेल्या न्याहारीच्या पावाचे कण होते म्हणे. तिथून मी बघत होतो. सुनेनं निळ्या दोऱ्याची चाळणी हातात घेतली. आत्यानं तिची बोटं पिठात बुडवली. "हे तांदळाचं. खरखरीत, हो ना? हे हरभऱ्याचं, जरा तेलकट. आता डोळे मीट आणि सांग." सून चुकली, पुन्हा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आली. तिनं दोन कागदांमध्ये गोळा लाटला तो नकाशासारखा वेडावाकडा. आत्या म्हणाली, "कोणत्या देशाचा आहे?" आणि दोघी हसल्या. दहा-बारा दिवसांनी.

पत्रा बाहेर आला. चकत्या निवल्या. सुनेनं एक उचलली आणि खारीला हाक मारली.

खार आली, पण पोरगी आता शहाणी झाली होती. तिनं चकती लगेच तोंडात घातली नाही. आधी उलटी केली. बूड डोळ्यांजवळ नेलं. अंगठा आणि तर्जनी बुडावर फिरवून एकमेकांवर चोळली, डोळे मिटून, अगदी गंभीर चेहऱ्यानं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. त्या दोघी आत, मी दाराबाहेर, आम्ही तिघं मोठी माणसं तिच्या मानेकडे बघत होतो.

तिची मान उभी हलली.